उपचाराची शिक्षा

तीनशे शब्दांच्या एका निबंधाने महाराष्ट्रातील एका गंभीर प्रश्नाचे जेवढे नुकसान केले, तेवढे एखाद्या सदोष कायद्यानेही क्वचितच केले असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला, चालक सतरा वर्षांचा असल्याचे निष्पन्न झाले, आणि अठरा वर्षांखालील आरोपींची प्रकरणे हाताळणाऱ्या बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यांतील अपघातावर निबंध लिहिण्याची अट देशभर कुचेष्टेचा विषय झाली. त्याच अटींमध्ये दारू सोडण्यासाठी उपचार आणि मानसोपचारतज्ज्ञाचे समुपदेशन घेण्याचीही अट होती. निबंधाच्या पंगतीला बसल्यामुळे तीही हास्यास्पद ठरली. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांच्या स्तंभांत आणि वाहिन्यांच्या चर्चांत एक सिद्धान्त रूढ झाला आहे: नशेत वाहन चालवणाऱ्याला व्यसनमुक्तीचे उपचार देणे ही श्रीमंतांसाठी शोधलेली पळवाट असून गरिबाला तुरुंग आणि धनिकाला समुपदेशन असा हा दुटप्पी न्याय आहे.

या सिद्धान्तामागचा संताप सच्चा आहे, युक्तिवाद मात्र कच्चा आहे. ज्या मुलावर तो उभारला गेला तो त्या दिवशी दोषी ठरलेला नव्हता. खटला सुरू होण्यापूर्वीच, त्याला व्यसन आहे की नाही याची तपासणीही न होता, जामिनाची शोभा वाढवण्यासाठी उपचार जोडले गेले. दोष सिद्ध झालेल्या माणसाच्या बाबतीत, शिक्षेचा भाग म्हणून किंवा शिक्षेनंतरची अट म्हणून, व्यसनाची दखल घेणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. पहिलीत उपचार शिक्षेची जागा घेतात, दुसरीत ते शिक्षेच्या पाठोपाठ येतात. हा भेद न करता उपचारांना पळवाट म्हणणाऱ्यांनी वस्तुतः त्या आदेशाचेच तर्कशास्त्र स्वीकारले आहे, कारण उपचार आणि शिक्षा यांपैकी एकच काहीतरी निवडायचे असते, हे दोघांनाही मान्य आहे.

तुरुंगाचा आग्रह धरणाऱ्यांनी विद्यमान कायद्याकडेही पाहिलेले दिसत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास, किंवा अंमली पदार्थाच्या प्रभावामुळे वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता येत नसल्यास, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर नेला; पुढच्या गुन्ह्यासाठी कैदेची मर्यादा दोन वर्षे आणि दंड पंधरा हजार आहे. कलम २० प्रमाणे न्यायालयाने दोषी चालकाला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवायचे असते. म्हणजे तुरुंग कायद्यात आहेच. व्यवहारात मात्र पहिल्या गुन्ह्याचा शेवट बहुधा दंडाच्या पावतीने होतो. रस्ता सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला २०१५ मध्ये राज्यांना असे बजावावे लागले, की पहिल्या गुन्ह्यालाही पोलिसांनी कैदेची मागणी करावी. जे आपोआप घडते ते कोणालाही बजावावे लागत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीत फुंकणारे शेकडो लोक पुढे न्यायालयात उभे राहतात, दंड भरतात आणि जातात. ‘तुम्ही रोज पिता का?’ हा प्रश्न त्यांना या संपूर्ण प्रवासात कोणीही विचारत नाही. पोलिसाला तो विचारण्याचे कारण नसते, दंडाधिकाऱ्याला वेळ नसतो, आणि आरटीओला त्याच्या उत्तराचे काय करायचे हे ठाऊक नसते.

गंमत अशी, की भारतीय कायद्याला हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. त्याच मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९ मध्ये सराईत मद्यपी किंवा अंमली पदार्थांचा सराईत व्यसनी असलेल्या माणसाचा परवाना रद्द करण्याचा अधिकार परवाना प्राधिकाऱ्याला दिलेला आहे. पण सराईत मद्यपी कोणाला म्हणायचे आणि ते कोणत्या डॉक्टरने ठरवायचे, याविषयी कायदा मौन पाळतो. २०१९ मध्ये त्या कलमात भर घालून परवाना निलंबित झालेल्या चालकाला उजळणी प्रशिक्षण बंधनकारक केले गेले. दारूशिवाय ज्याचा दिवस मावळत नाही, त्याला पुन्हा एकदा रस्त्यावरील चिन्हे पाठ करायला लावण्याची ही तरतूद निबंधाच्या अटीपेक्षा फारशी शहाणी म्हणता येणार नाही, फक्त ती संसदेने केलेली असल्यामुळे तिची कोणी टिंगल केली नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८, म्हणजे किरकोळ अपराध्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर देखरेखीखाली मोकळे ठेवणारा कायदा, न्यायालयाला मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट घालण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत देतो. अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याचे कलम ३९ तर दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने रुग्णालयात उपचारांसाठी सोडण्याची मुभा देते. म्हणजे चोरून गर्द ओढताना सापडलेल्या माणसाच्या आजाराचा विचार कायदा करतो, आणि दारूच्या नशेत दीड टन लोखंड रस्त्यावर सोडणाऱ्याच्या आजाराचा करत नाही.

दोन निकालांचा विचार येथे अटळ ठरतो. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा जीव घेणाऱ्या चालकाची तीन वर्षांची सक्तमजुरी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. अशा बेदरकारीला केवळ निष्काळजीपणा न मानता सदोष मनुष्यवध मानता येते, हे त्या निकालाचे महत्त्व. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू खटल्याचा निकाल लागला. सहा जणांचा बळी घेणाऱ्या त्या चालकाने भोगलेली कैद पुरेशी मानून न्यायालयाने त्याला पन्नास लाख रुपये भरायला सांगितले आणि दोन वर्षांची समाजसेवा फर्मावली. ती समाजसेवा केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ठरवून द्यायची होती. देशभरातील व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देणारे मंत्रालय हेच. नशेतील चालकाला न्यायव्यवस्थेने थेट व्यसनमुक्तीच्या दारापर्यंत नेले आणि तेथे त्याच्याकडून श्रमदान मागितले. त्याच्या पिण्याचे पुढे काय, हा विषय त्या आदेशात आला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. नशेत वाहन चालवणारा प्रत्येक जण आजारी असतो का? नसतो, आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील उत्साही मंडळी हे मान्य करायला जेवढा वेळ लावतात तेवढी त्यांची बाजू लंगडी पडते. मित्राच्या लग्नात चार पेग चढवून दुचाकीला किक मारणारा पंचविशीतला मुलगा बेजबाबदार असतो, गुन्हेगार असतो, पण त्याला पस्तीस दिवस एखाद्या केंद्रात ठेवण्यात ना त्याचा फायदा ना समाजाचा. उलट काही माणसांच्या रक्तातील आकडाच सगळे सांगून जातो. जर्मनीतील नियम या बाबतीत बोलका आहे. तेथे १०० मिलिलिटर रक्तात १६० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवताना सापडलेल्या, किंवा पुन्हा पुन्हा सापडलेल्या माणसाला परवाना परत हवा असेल तर वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय परीक्षेला सामोरे जावे लागते. न सरावलेला माणूस एवढ्या मद्यार्कानंतर किल्लीचे भोकही धड शोधू शकत नाही. तो गाडी सुरू करून चौकापर्यंत पोहोचला, याचाच अर्थ त्याच्या शरीराने दारूशी दीर्घकाळचा करार केलेला आहे. परीक्षेपूर्वी अशा माणसाला बहुधा सहा महिने ते वर्षभर दारू सोडल्याचा पुरावा केसांच्या किंवा लघवीच्या तपासणीतून द्यावा लागतो. जर्मन लोक या परीक्षेला मूर्खांची परीक्षा म्हणतात, आणि ती उत्तीर्ण करून देणाऱ्या शिकवण्याही तेथे चालतात.

भारतात अशी छाननी नाही, आणि असती तरी तिच्यापुढची वाट अरुंद आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दहा ते पंचाहत्तर या वयोगटात दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे सोळा कोटी असून त्यांपैकी ५.७ कोटी लोकांचे पिणे अपायकारक किंवा परावलंबी, म्हणजे दारूवाचून शरीर आणि मन चालेनासे होण्याच्या पातळीचे आहे. दारूवर परावलंबी झालेल्या अडतीस जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाल्याचे त्याच पाहणीत आढळले. उरलेल्या सदतीस जणांची मदार बायकोच्या शपथेवर, देवाच्या माळेवर आणि ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ अशा एसटी स्थानकांच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींतील औषधांवर असते. आणि जो माणूस स्वतःहून डॉक्टरकडे कधीच जाणार नाही, त्याला सरकारी यंत्रणा सक्तीने समोर उभे करते असा क्षण त्याच्या आयुष्यात क्वचितच येतो; नाकाबंदी हा तसा क्षण असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात तयार करवून घेतलेली दहा प्रश्नांची चाचणी एखादी प्रशिक्षित परिचारिका दहा मिनिटांत घेऊ शकते. त्या दहा मिनिटांसाठी आपल्या न्यायालयांत जागा नाही.

मग अशा उपचारांचा उपयोग किती, याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे, कारण विरोधकांना ते ठाऊक झाले तर ते आनंदाने उद्धृत करतील. एलिझाबेथ वेल्स-पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. नशेत वाहन चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना शिक्षण, समुपदेशन किंवा उपचार दिल्यास पुन्हा तोच गुन्हा घडण्याचे प्रमाण सरासरी सात ते नऊ टक्क्यांनी घटते, एवढेच त्यातून निघाले. शिक्षण, समुपदेशन आणि पुढचा पाठपुरावा एकत्र केल्यास परिणाम अधिक चांगला. नुसती व्याख्याने ऐकवून फारसे हाती लागत नाही. सात ते नऊ टक्के ही संख्या व्यसनमुक्तीच्या पोवाड्यांत बसत नाही. परंतु तुरुंगवादी पक्षाजवळ तरी यापेक्षा मोठा आकडा कोठे आहे? ब्रिटनने १९६७ मध्ये श्वासचाचणीचा कायदा आणला तेव्हा शनिवार-रविवारच्या रात्रींचे बळी एकदम घटले, आणि पकडले जाण्याची शक्यता वाटली होती तितकी नाही हे लोकांच्या ध्यानात येताच ती घट हळूहळू विरली, समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनी हा आलेख अनेक देशांत पुन्हा पुन्हा दाखवून दिला. शिक्षेची कठोरता फारशी कामाची नसून तिची खात्री कामाची असते, हे बेक्कारियाने १७६४ मध्येच म्हणून ठेवले होते, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीतील सरकार ते नव्याने विसरते.

उपचारांच्या विरोधातील खरा वजनदार आक्षेप तुरुंगवाद्यांनी कधी घेतलेलाच नाही. तो घेतला होता सी. एस. लुईस यांनी, ज्यांना मराठी वाचक बहुधा नार्नियाच्या बालकथांमुळेच ओळखतो. १९४९ मध्ये एका ऑस्ट्रेलियन नियतकालिकात त्यांनी शिक्षेच्या तथाकथित मानवतावादी सिद्धान्तावर निबंध लिहिला. (तीनशे शब्दांहून बराच मोठा.) त्यांचा मुद्दा असा, की शिक्षेचा संबंध अपराध्याच्या लायकीशी, म्हणजे त्याने केलेल्या कृत्याबद्दल त्याच्या वाट्याला न्यायाने काय यावे याच्याशी असतो तोवरच त्या शिक्षेला न्याय्य किंवा अन्याय्य म्हणता येते. अपराधाला आजार आणि शिक्षेला उपचार म्हटले, की हा मोजमापाचा गजच हरवतो. चोरीला सहा महिने जास्त झाले की कमी, यावर कोणताही सामान्य नागरिक मत देऊ शकतो. उपचार किती दिवस चालावेत यावर फक्त तज्ज्ञ बोलू शकतो, आणि तज्ज्ञाच्या मते रोगी बरा होईपर्यंत ते चालावेत. म्हणजे निश्चित मुदतीच्या कैदेच्या जागी अनिश्चित मुदतीची दया येते, आणि लुईस यांच्या मते रोग्याच्याच भल्यासाठी चालवलेल्या जुलमाइतका न थकणारा जुलूम दुसरा नसतो, कारण जुलूम करणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला शाबासकी देत असते. लोभी हाकिमाचा लोभ कधीतरी भागतो. परोपकारी हाकिमाला थांबण्याचे कारणच सापडत नाही.

या युक्तिवादाला धार्मिक परंपरावाद्याचा कुरकुरेपणा म्हणून बाजूला सारण्याची आधुनिकांना सवय आहे, आणि ती सवय चुकीची आहे. ज्यांना लुईस यांची भीती अवास्तव वाटते त्यांनी शहराबाहेरच्या एखाद्या बेकायदा व्यसनमुक्ती केंद्रावर पडलेल्या छाप्याची बातमी वाचावी: रात्री घरातून उचलून आणलेली माणसे, कुलूपबंद खोल्या, मारहाण, आणि घरच्यांकडून महिन्यागणिक शुल्क. अशा केंद्रांच्या चालकांचा सदहेतूवरचा दावा शेवटपर्यंत अबाधित असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले, आणि त्यामुळे मनाविरुद्ध दाखल करण्यावर, त्याच्या मुदतीवर आणि त्याविरुद्ध दाद मागण्यावर नियम आले. या कायद्याची अंमलबजावणी तोकडी आहे हा भाग वेगळा. पण त्याने लुईस यांचा आक्षेप कायद्याच्या भाषेत मान्य केला आहे.

तरीही नशेतील चालकाच्या बाबतीत लुईस यांचे म्हणणे दोन ठिकाणी लागू पडत नाही. त्यांचा रोख शिक्षेऐवजी येणाऱ्या उपचारांवर होता. दोषी चालकाला त्याच्या कृत्याच्या प्रमाणात दंड किंवा कैद झाली, तिची मुदत संपली, लायकीचा हिशेब चुकता झाला, असे मानले तरी एक गोष्ट शिल्लक राहते आणि ती म्हणजे परवाना. वाहन चालवण्याचा परवाना ही सरकारने दृष्टी, वय आणि कौशल्य तपासून दिलेली सशर्त परवानगी असते. ती परत देताना माणूस शुद्धीत गाडी चालवील याचा पुरावा मागणे हा जुलूम ठरत नाही, जसे मोतीबिंदू झालेल्याकडे शस्त्रक्रियेचा दाखला मागणे ठरत नाही. या पुराव्याला मुदत नसली तरी चालते, कारण तो देईपर्यंत माणूस कोंडलेला नसतो. तो बसने जाऊ शकतो. दुसरी गोष्ट इच्छेची. लुईस यांच्या मांडणीत माणसाची इच्छा अखंड असते आणि समाज तिच्यावर बाहेरून आक्रमण करतो. दारूवर परावलंबी झालेल्या माणसाची इच्छा आधीच दुभंगलेली असते. सकाळी सोडायची शपथ घेणारा आणि संध्याकाळी परमिट रूमकडे वळणारा, यांपैकी खरा कोण, हे ठरवताना बाहेरची अट सकाळच्या माणसाच्या बाजूने उभी राहते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणच्या कामाचा पायाच या सकाळच्या माणसावर आहे. तेथे निवासी उपचारांइतकेच महत्त्व घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याला आणि स्वतः त्यातून बाहेर पडलेल्या लोकांच्या सोबतीला दिले जाते.

येथवरच्या प्रतिपादनाचा कल न्यायालयांनी दोषी चालकांना उपचार फर्मावावेत असा दिसेल. परंतु लुईस यांना जेवढे मान्य केले तेवढे मान्य केल्यावर हा कल तसाच राहू शकत नाही. न्यायालयाने उपचार फर्मावणे म्हणजे एखाद्या केंद्राला गिऱ्हाईक पुरवणे, हजेरीचा दाखला म्हणजे सुधारणा असे मानणे, आणि उपचारात अपयश आले तर त्या अपयशालाच गुन्हा ठरवणे; दारू सुटता सुटता पुन्हा सुरू होणे, ज्याला घसरण म्हणतात, ही या आजारातील नेहमीची बाब असल्याने असा आदेश रोग्याला रोगाच्या लक्षणाबद्दल शिक्षा करतो. न्यायालयाला मागता येण्याजोगी गोष्ट फक्त एक आहे, आणि ती म्हणजे वर्तन: वाहन चालवायचे असेल तर पिऊ नये. ते कसे साधायचे, केंद्रात जाऊन, गोळी घेऊन, भजनी मंडळात बसून किंवा केवळ जिद्दीने, हे ज्याचे त्याने ठरवावे. केंद्राचा पत्ता आणि खर्चाची सोय सरकारने द्यावी.

अमेरिकेतील साउथ डकोटा या राज्यात २००५ पासून नेमके हेच केले जात आहे. तेथील महाधिवक्ता लॅरी लाँग यांनी सुरू केलेल्या कार्यक्रमात मुख्यतः वारंवार सापडलेल्या चालकांना दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, पोलिसांपुढे श्वासचाचणी द्यावी लागते. प्यायलेला आढळल्यास लगेच एक-दोन रात्री कोठडी, आणि मग पुन्हा कार्यक्रम सुरू. उपचारांची सक्ती नाही. रँड संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या परगण्यांत हा कार्यक्रम राबवला गेला तेथे नशेत वाहन चालवल्याबद्दलच्या दुबार अटका १२ टक्क्यांनी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या अटका ९ टक्क्यांनी घटल्या. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा अधिक विचार करायला लावणारा आहे. रस्त्यासाठी घातलेली अट घरातल्या बाईच्या उपयोगी पडली. अर्थात या यशाची पताका फार उंच धरू नये. तत्काळ आणि खात्रीची सौम्य शिक्षा या तत्त्वावर हवाईमध्ये २००४ साली सुरू झालेल्या परिवीक्षा प्रयोगाचा प्रथम फार गाजावाजा झाला आणि नंतर इतर चार ठिकाणी त्याची पुनरावृत्ती केली असता फरक दिसला नाही.

महाराष्ट्रात या पद्धतीचा सांगाडा तयारच आहे. जामिनावरील आरोपीने आठवड्यातून अमुक वेळा पोलीस ठाण्यात हजेरी लावावी, ही अट दंडाधिकारी रोज घालतात. त्या हजेरीला श्वासविश्लेषक यंत्राची जोड दिली की झाले, असे वाटणे साहजिक आहे. तेवढ्याने मात्र भागत नाही. कल्याणीनगर प्रकरणातच सरकारी रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. खात्रीच्या शिक्षेचा सारा डोलारा चाचणीच्या प्रामाणिकपणावर उभा असतो, आणि जेथे चाचणी विकत मिळते तेथे खात्री फक्त गरिबाच्या वाट्याला येते. तुरुंगवादी पक्षाचा दुटप्पी न्यायाचा आरोप या एका जागी अचूक लागतो. फक्त त्याचा निशाणा उपचारांवर नसून प्रयोगशाळेवर असायला हवा होता.

वर्गाचा प्रश्न परवान्यालाही चिकटलेला आहेच. ज्याच्याकडे पगारी चालक आहे त्याचा परवाना वर्षभर काढून घेतला तरी त्याच्या दिनक्रमात फरक पडत नाही. रिक्षा किंवा टेम्पो चालवणाऱ्याचा परवाना गेला की चूल विझते. पहिल्याच्या बाबतीत निदान एवढे समाधान, की मागच्या आसनावर बसून पिणारा धनिक रस्त्याला धोकादायक नसतो, आणि त्याला डंख जाणवावा अशी इच्छा असेल तर फिनलंडने १९२१ मध्ये स्वीकारलेली उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत उपलब्ध आहे. दुसऱ्यासाठी काही देशांनी वाहनातच कुलूपयंत्र बसवण्याचा मार्ग काढला आहे; चालकाने आधी नळीत फुंकायचे, श्वासात मद्यार्क आढळला तर इंजिन सुरूच होत नाही. पोटापाण्यासाठी वाहन चालवणाऱ्याला परवाना गमावणे आणि असे यंत्र बसवून घेणे यांत निवड करता आली, तर शिक्षा त्याच्या मुलाबाळांपर्यंत पोहोचणार नाही. कर्ज काढून रिक्षा घेणाऱ्याला हे यंत्र परवडणार नाही, म्हणून त्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न शेवटी राहतोच.

तो सोडवण्यापूर्वी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जोसेफ गसफील्ड यांच्या १९८१ च्या पुस्तकाची आठवण ठेवणे इष्ट. सॅन डिएगो परिसरातील अभ्यासावर आधारलेल्या या पुस्तकात त्यांनी असे दाखवले, की रस्त्यावरील मृत्यू हा वाहतूक व्यवस्थेचा, मोटारींच्या रचनेचा, दारू विकणाऱ्या जागांच्या मांडणीचा प्रश्न म्हणूनही पाहता आला असता. समाजाने त्यातून मद्यधुंद मारेकऱ्याची प्रतिमा निवडली, कारण त्यामुळे बाकी सगळे निर्दोष सुटतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील सरकारांनी काय केले हे गसफील्ड यांना फार आवडले असते: दारूची दुकाने हलवण्याऐवजी महामार्गांचे दर्जे बदलण्याचा, शहरांतून जाणारे रस्ते स्थानिक संस्थांच्या गळ्यात मारण्याचा खटाटोप सुरू झाला, आणि २०१७ च्या जुलैत महापालिका हद्दीला ती मनाई लागू नसल्याचे स्पष्टीकरण मिळाले. केंद्र सरकारच्या अपघात अहवालांत नशेमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास दिसते आणि अतिवेगाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास. पोलिसाच्या नोंदीत वेग लिहिला की वेगामागचा प्याला लिहायचा राहतो, हे लक्षात घेता अडीच टक्क्यांवर विश्वास ठेवणे ज्यांना सोयीचे आहे त्यांनीच तो ठेवावा.

उत्पादन शुल्कापोटी महाराष्ट्र सरकारच्या तिजोरीत दरवर्षी वीस हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम येते, आणि ती ज्या राज्यात येते तेथे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू असून दारू पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो. पिण्याचा परवाना देणारे आणि वाहन चालवण्याचा परवाना देणारे दोन विभाग एकाच सरकारचे आहेत. दंडाधिकारी न्यायालयात दोषी चालकाला ते दहा प्रश्न विचारणारी परिचारिका, हजेरीच्या वेळच्या श्वासचाचणीची छेडछाड न करता येणारी नोंद, टेम्पोतले कुलूपयंत्र आणि अडतीसांतील सदतीस जणांसाठी जिल्हा रुग्णालयातील खाटा, यांचा खर्च त्या वीस हजार कोटींतून काढायला विधिमंडळात विरोध कोण करील आणि कोणत्या भाषेत करील, हे ऐकण्यासारखे असेल.